आत्मज्ञानाच्या वाटेवर गाडी नेमकी कुठे अडते? या चुका टाळा

बरीच वर्षं साधना करणारी माणसं भेटली की एक तक्रार हमखास ऐकू येते, "सगळं कळतं हो, पण अनुभव काही येत नाही." माझं स्पष्ट मत आहे की निम्म्या चुका या एका वाक्यातच दडलेल्या आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

अनुभवाची वाट बघत बसणं

अद्वैत, म्हणजे जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीत असं सांगणारा वेदान्त, ज्याला शुद्ध जाणीव, चैतन्य, आत्मा म्हणतं तो एखादा खास अनुभव नाही. प्रकाश दिसला, कपाळात मुंग्या आल्या, अंगावर काटा आला, आनंदाचे उमाळे आले, हे सगळं होऊ शकतं, त्यात वाईटही काही नाही, पण ते आलं आणि गेलं ना? मग जे येऊन गेलं ते तुम्ही कसे असाल, ते तर तुम्हाला कळलं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपल्या पत्नीला, मैत्रेयीला, विचारतात, "विज्ञातारमरे केन विजानीयात्", जो सगळं जाणतो त्याला जाणायचं तरी कशानं? या प्रश्नावर जरा थांबा, घाईघाईनं पुढे वाचू नका.

वेदान्तात शिकवताना दहाव्याची गोष्ट सांगतात. दहा जण नदी पार करतात, कोणी वाहून तर गेलं नाही ना म्हणून एकेक जण मोजायला लागतो आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात, मग रडारड. वाटसरू येतो आणि सांगतो, अरे दहावा तूच. आता दहाव्याला नदीतून शोधून आणायचं का, त्याचा 'अनुभव' घ्यायचा का? फक्त चूक लक्षात यायची असते. आत्मज्ञान हे या जातीचं आहे, आणि म्हणूनच 'मला ध्यानात काहीच दिसत नाही' ही मुळात अडचणच नाही.

प्रॅक्टिकल बघा. संध्याकाळी डोळे मिटून बसलात, स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली, चिडचिड झाली, लगेच विचार आला की आज ध्यान लागतच नाहीये. शिट्टी कळली, चिडचिड कळली, ध्यान लागत नाहीये हेही कळलं. तिन्ही गोष्टी बदलल्या पण कळणं मध्ये कुठे तुटलं का? कुकर बंद व्हायची वाट बघत बसू नका, तिथेच, त्या चिडचिडीच्या मध्येच हे तपासून बघा, कारण शांत वातावरणातच सापडणारी जाणीव असेल तर ती वातावरणाची झाली, तुमची नाही.

आणि गंमत म्हणजे एवढं समजलं की माणसं लगेच दुसरी चूक करतात, त्या कळण्यालाच पकडायला जातात. या कळण्यालाच वेदान्त साक्षी म्हणतो, पण तो म्हणजे डोक्याच्या मागे बसलेला कोणीतरी वॉचमन असं वाटायला लागतं, मग त्याला धरून ठेवायचा प्रयत्न, कपाळावर ताण, डोळ्यांवर ताण, दिवसभर डोकं जड. तुमचं असं होत असेल तर समजा की तुम्ही साक्षीची एक कल्पना तयार केली आणि आता ती कल्पना सांभाळताय. तीही दिसतेच आहे की, म्हणजे तीही दृश्यच. द्रष्टा, म्हणजे बघणारा, हा कधीच दृश्य होत नाही, हे वेदान्तानं अगदी सरळ सांगून ठेवलंय. उपाय एकच, ताण सोडा, कपाळ सैल करा, जाणीव तुम्ही चालवत नाही त्यामुळे ती तुम्ही सांभाळायचीही नाही.

कोऱ्या मनाला आत्मा समजणं

मला ही सगळ्यात जास्त फसवी चूक वाटते कारण इथे पोचलेला माणूस खरंच मेहनती असतो. विचार थांबतात, सगळं कोरं होतं, तासभर कसा गेला कळत नाही, आणि वाटतं की झालं, पोचलो. इंचगिरी परंपरेतले सिद्धरामेश्वर महाराज (१८८८ ते १९३६) चार देहांची मांडणी करून हा प्रश्न फार छान सोडवतात. स्थूल देह आपल्याला माहीत आहे, मन-बुद्धी-इंद्रियं म्हणजे सूक्ष्म, आणि त्याच्या आत गेलं की काहीच नाही, नुसता विसर, तो कारण देह. साधक नेमका इथे अडकतो, कारण 'काहीच नाही' हे फार मोठं काहीतरी वाटतं. पण तो विसर, ते अज्ञान कोणाला तरी कळतंय ना? ते जाणणारा म्हणजे महाकारण, तुर्या, आणि परब्रह्म म्हणतात ते त्याच्याही पलीकडचं.

तिरुवण्णामलैचे रमण महर्षी पण मनाचा लय (तात्पुरतं थांबणं) आणि मनाचा नाश (कायमचं विरणं) यात फरक करायचे. ते एका योग्याची गोष्ट सांगत. गंगेकाठी समाधीतून उठला, शिष्याला पाणी आणायला सांगितलं, पाणी येईपर्यंत परत समाधी लागली ती कित्येक वर्षं, आणि जाग आल्यावर पहिला शब्द काय तर पाणी कुठेय! म्हणजे मन जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. त्यामुळे ध्यानानंतर तोच राग, तीच जळजळ जशीच्या तशी उठत असेल तर ध्यान वाढवण्याआधी हे बघा की बसल्यावर नुसतं गुंगीत जाताय का. गुंगी येत असेल तर डोळे उघडे ठेवून बसा, किंवा उठून चाला आणि चालताना 'हे कोणाला कळतंय' ही चौकशी चालू ठेवा.

'मी कोण' याचा जप करणं

शिवप्रकाशम पिल्लै यांनी १९०१-०२ च्या सुमारास तिरुवण्णामलैला रमणांना प्रश्न विचारले, तेव्हापासून 'मी कोण' ही चौकशी लोकांपर्यंत पोचली आणि तेव्हापासूनच बहुधा तिचा जपही सुरू झाला असावा. महर्षी स्वतः सांगत की हा मंत्र नाही. विचार आला की बघायचं, हा कोणाला आला? मला. मग हा 'मी' कोण, कुठून उठतो? एवढं विचारून लक्ष त्या 'मी'च्या उगमाकडे वळवायचं आणि तिथेच राहायचं, उत्तर द्यायचं नाही. 'मी ब्रह्म आहे' असं तोंडपाठ उत्तर दिलं की चौकशी संपली, कारण ते उत्तर आठवणीतून आलेलं असतं.

मुंबईतल्या खेतवाडीत, आपल्या घरातल्या माळ्यावर मराठीतून बोलणारे निसर्गदत्त महाराज हेच जरा वेगळ्या अंगानं सांगायचे. गुरूंनी म्हणजे सिद्धरामेश्वरांनी सांगितलं की 'मी आहे' या जाणिवेवर राहा, आणि १९३३ मध्ये गुरुभेट झाल्यावर तीनेक वर्षं ते तेच करत राहिले. 'मी अमुक आहे' नाही, नुसतं 'मी आहे'. पण इथेही लोक अर्ध्यावर थांबतात, 'मी आहे' हेच शेवटचं सत्य धरून बसतात. महाराजांचं म्हणणं होतं की ही जाणीवसुद्धा अन्नरसावर टिकलेली आहे, देहाबरोबर आली आणि देहाबरोबर जाईल, गाढ झोपेत तर रोजच मावळते. ती दार आहे, त्यातून पुढे जायचं असतं. जाणीव यायच्या आधी तुम्ही काय होतात, असा त्यांचा रोख असायचा.

'सगळं मिथ्या आहे' हे घरच्यांच्या तोंडावर फेकणं

बायको म्हणते सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा राहिलाय, नवरा म्हणतो अगं सगळी माया आहे. आई आजारी आहे, मुलगा म्हणतो आत्म्याला आजार नसतो. हे अद्वैत नाही, पळवाट आहे, आणि घरच्यांना त्याचा खरंच त्रास होतो. मिथ्या म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, मिथ्या म्हणजे जे स्वतःच्या जोरावर उभं नाही ते. शंकराचार्यांच्या परंपरेत व्यावहारिक आणि पारमार्थिक असे दोन स्तर मानतात ते याच गोंधळासाठी, व्यवहाराच्या प्रश्नाला परमार्थाचं उत्तर द्यायचं नसतं. निसर्गदत्त महाराज गुरूंच्या निधनानंतर घर सोडून भटकले होते, पण परत आले ते संसारात आणि विडीच्या दुकानातच. घरी भजन-आरती ठरल्या वेळी शेवटपर्यंत चालू होती. दुःख झालं की रडा, मेंटेनन्स तारखेला भरा, यानं साक्षीचं काहीही बिघडत नाही.

याचीच जुळी बहीण म्हणजे 'साधनेची गरजच काय, मी आधीच तो आहे.' तत्त्व म्हणून बरोबर, पण सिद्धरामेश्वर विहंगम मार्ग म्हणजे पक्ष्याची वाट शिकवायचे म्हणून कष्ट टाळता येतात असं नाही, त्यांनी स्वतः आधी ध्यानाची कडक साधना केली होती. श्रवण (ऐकणं), मनन (त्यावर विचार करणं), निदिध्यासन (त्यातच मुरणं) हा क्रम आहे. रोज नव्या यूट्यूब चॅनलवर नवा गुरू ऐकणं हे श्रवणात धरू नका, एक वाट धरा आणि निदान काही काळ तिच्यावरच राहा.

ज्याला साधनेचा प्रश्न समजू नये

हे मी कळकळीनं लिहितोय. जग काचेपलीकडचं वाटणं, स्वतःचा हात परका वाटणं, त्याची भीती वाटणं, झोप उडणं, जगण्यात रस न उरणं, ही 'मी देह नाही' ची प्रगती नाही. ज्ञानानं भीती कमी होते, वाढत नाही. असं होत असेल तर चौकशी आणि लांब ध्यान बंद करा, जेवण-झोप-चालणं सांभाळा, माणसांत राहा आणि मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर एकटे राहू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि मदत घ्या. शिबिर घेणारे 'हा अहंकार मरतोय, सहन करा' म्हणत असले तरीही ऐकू नका. जुन्या परंपरेत आधी शम (मन शांत करणं), दम (इंद्रियं आवरणं), तितिक्षा (सोसणं) असा मनाचा पाया घालून घ्यायचे आणि मग महावाक्य, म्हणजे 'तू ब्रह्मच आहेस' असं सांगणारं उपनिषदातलं वाक्य, द्यायचे, त्याला कारण होतं.

शेवटची चूक म्हणजे 'मला झालं' हे जाहीर करणं. केनोपनिषद म्हणतं, "यस्यामतं तस्य मतं, मतं यस्य न वेद सः", ज्याला वाटतं कळलं त्याला कळलेलं नाही. कोणी तुम्हाला पैसे घेऊन तुमचं 'झाल्याचं' सांगत असेल तर तिथून उठा. आणि तुमचं तुम्हालाच तपासायचं असेल तर घरातल्या माणसाला विचारा की माझी चिडचिड पूर्वीपेक्षा लवकर उतरते का.