जुना रणगाडा नवा करताना या चुका टाळा

'टँक अपग्रेड'चा प्रस्ताव कसा दिसतो हे आता पाठ झालं आहे. पहिल्या पानावर टी-72 या जुन्या सोव्हिएत रणगाड्याचं चित्र, त्यावर बाण मारून दाखवलेल्या दहा नव्या वस्तू: थर्मल कॅमेरा, रिअॅक्टिव्ह चिलखत (आदळणारा मारा स्फोटानेच बोथट करणाऱ्या पेट्या), रिमोटवरची मशिनगन, जॅमर, एसी. वजनाचा तक्ता नाही, विजेचा तर नाहीच. कॉलेजच्या प्रोजेक्टात हे खपून जातं. पण वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतला, गाड्यांचे सुटे भाग बनवण्यात केस पांढरे झालेला माणूसही संरक्षण खात्याचं काम म्हटलं की तेच करतो, तेव्हा वैताग येतो. ट्रॅक्टरला जड नांगर लावायचा तर पुढे वजनाच्या पाट्या टाकाव्या लागतात, हे ज्याला कळतं त्याला हेही कळायला हवं.

वजन शेवटी मोजणं

टी-72 एम1 म्हणजे आपला अजेय, 41.5 टन. पट्टा 580 मिलिमीटर रुंद, जमिनीला टेकणारी लांबी सुमारे 4.27 मीटर. दोन पट्ट्यांचं क्षेत्रफळ 4.95 चौरस मीटर, म्हणजे जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 0.84 किलो. आता पाच टन चढवा. दाब 0.94 वर जातो. आकडा किरकोळ वाटत असेल तर जुलैमध्ये परभणीकडच्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली घालून बघा.

780 अश्वशक्तीचं जुनं इंजिन तेच ठेवलं तर टनामागची अश्वशक्ती 18.8 वरून 16.8 वर येते. टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या चाकांच्या कांबी) जास्त पिळलेले राहतात, पोट खाली येतं, खड्ड्यात चाकाला वर जायला जागा उरत नाही. अर्जुनचंच बघा: मार्क 1 हा 58.5 टन, मार्क 1ए 68 टनांच्या वर, इंजिन तेच 1400 अश्वशक्तीचं.

एकूण वजनापेक्षाही फसवं असतं ते वजन कुठे टाकलं ते. रिअॅक्टिव्ह चिलखत जवळजवळ सगळं पुढच्या अंगाला येतं. त्यामुळे पहिल्या दोन चाकांचे टॉर्शन बार आणि शॉक अॅब्सॉर्बर आधी जातात. टरेटचा, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाचा, तोल बिघडला तर उतारावर उभ्या रणगाड्यात टरेट खालच्या बाजूला ओढ घेतं आणि फिरवणारी मोटर कायम झगडत राहते. म्हणून तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने हवेत: किती किलो, आणि टरेटच्या मध्यापासून किती मिलिमीटर. ब्रॅकेट, बोल्ट, केबल यांचं वजनही धरा. केबल कुणीच धरत नाही, आणि तीच शंभर किलोवर जाते.

फक्त इंजिन बदलणं

मार्च 2025 मध्ये भारताने टी-72 साठी 1000 अश्वशक्तीच्या इंजिनांचा 24.8 कोटी डॉलरचा करार रशियाशी केला. तेव्हापासून 'इंजिन टाकलं की झालं' म्हणणारे वाढले आहेत. टी-72 मध्ये इंजिन आडवं बसतं. त्याची ताकद एका गिअरच्या पेटीतून दोन बाजूंच्या दोन गिअरबॉक्सना जाते. ताकद वाढवली की ही साखळी, कूलिंगचा पंखा, रेडिएटर, एअर क्लीनर सगळं तपासावं लागतं. आणि गिअरबॉक्स तोच ठेवला तर मागे जाण्याचा गिअर एकच, वेग ताशी जेमतेम 4 किलोमीटर. हजार अश्वशक्ती असली तरी रणगाडा मागे सरकणार बैलगाडीच्याच चालीने.

सबंध संच बदलणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर नगरला जा. तिथल्या रणगाडा संग्रहालयातल्या सेंच्युरियनच्या मागच्या बाजूला दोन मिनिटं उभे राहा. इस्राएलने याच रणगाड्यातलं पेट्रोलवरचं मीटिऑर इंजिन काढून एव्हीडीएस-1790 डिझेल घातलं. त्यासाठी गिअरबॉक्स बदलला आणि मागचा सांगाडाही नव्याने घडवला. 1973 च्या युद्धात गोलान टेकड्यांवर लढले ते हे रणगाडे.

विजेचा हिशेब 'इंजिन चालू' धरून करणं

टी-72 चं जनरेटर 10 किलोवॉटचं. इंजिन चालू असताना बऱ्याच गोष्टी निभावतात. पण रणगाडा बराच वेळ इंजिन बंद करून नुसता पाहत बसलेला असतो. तेव्हा आधार फक्त 85 अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्यांचा, मिळून 340. त्यातला निम्मा वाटा परत स्टार्ट मारण्यासाठी राखायचा. थर्मल कॅमेरा, रेडिओ, स्क्रीन मिळून 40 अँपिअर ओढत असतील तर कागदावर सव्वाचार तास मिळतात. बॅटऱ्या दोन उन्हाळे काढलेल्या असतील तर दोन तास धरा. सहायक जनरेटर लागतो तो यासाठी, मग त्याचं वजन वरच्या तक्त्यात घाला.

दुसरं म्हणजे 24 व्होल्टची लाइन म्हणजे सरळ 24 व्होल्ट नव्हे. एमआयएल-एसटीडी-1275 या लष्करी गाड्यांच्या विजेच्या अमेरिकी मानकात 100 व्होल्टची उसळी 50 मिलिसेकंद, 250 व्होल्टचा क्षणिक झटका आणि स्टार्टर फिरत असताना 16 व्होल्टपर्यंतची घसरण, असं सगळं धरलेलं आहे. ट्रकसाठी बनवलेला पॉवर सप्लाय रंग बदलून पाठवणाऱ्यांचा बॉक्स पहिल्याच स्टार्टला रिसेट होतो.

उष्णतेची चाचणी भट्टीत उरकणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, आणि तिचा धडा सगळ्यांसमोर घडलेला आहे. 2001 मध्ये भारताने 310 टी-90 एस रणगाड्यांचा करार केला. त्यातले फ्रेंच बनावटीचे थर्मल कॅमेरे थर वाळवंटाच्या उन्हाळ्यात बिघडू लागले. या जातीच्या कॅमेऱ्यातला डिटेक्टर उणे 196 अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो. ते काम एक छोटा कॉम्प्रेसरसारखा कूलर करतो. आतून ओढलेली उष्णता त्याला बाहेरच्या हवेत टाकायची असते. टरेटमधली हवाच 55 अंशांच्या पुढे गेली तर तो टाकणार कुठे? आधी चित्र यायला जास्त वेळ लागतो, मग चित्रात ठिपके येतात, मग कूलर अखंड धावून मरतो.

मग कुणीतरी म्हणतं, एसी बसवू. एसीला वीज लागते, विजेला सहायक जनरेटर, जनरेटरला जागा आणि वजन, वजनाला सस्पेन्शन. एका कॅमेऱ्याने सगळा रणगाडा उकरायला लावला.

प्रयोगशाळेत हे सापडत का नाही? चाचणीच्या भट्टीत हवा फिरवायला पंखा असतो. 55 अंशांची का होईना, पण वाहती हवा बॉक्सला गार करत राहते. टरेटमध्ये हवा हलत नाही. शिवाय चिलखत दिवसभर तापलेलं असतं, आणि इंजिन बंद केल्यावर मागची धग पुढे येते. जेएसएस 55555 या लष्करी उपकरणांच्या चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे पास झालेला बॉक्स मे महिन्यात मैदानावर नापास होतो तो असा.

उपाय साधा आहे, फक्त वेळ खातो. बॉक्सभोवती पत्र्याची बंद पेटी करून ती भट्टीत ठेवायची, म्हणजे आतली हवा स्तब्ध राहते. सहा तास बंद अवस्थेत तापवायचं, मग चालू करून चित्र यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून लिहायचं. तीच चाचणी सलग तीन वेळा. तीन दिवस जातात म्हणून कुरकुर होते. वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी दोनला उभं राहिलं की ही कुरकुर आपोआप थांबते.

चिलखताला साधं लोखंड समजणं

जालन्याची सळई कुठेही वाकवा, कुठेही वेल्डिंगचा टाका मारा, ती सहन करते. चिलखती पोलाद करत नाही. त्यात कार्बन आणि मिश्रधातू जास्त असल्याने टाक्याच्या शेजारची पट्टी झटकन थंड होऊन काचेसारखी कडक होते. रॉडमधल्या ओलाव्यातून हायड्रोजन आत शिरला की तिथेच तडा जातो. तो लगेच दिसत नाही. संध्याकाळी तपासणीत पास, परवा सकाळी टाक्याच्या कडेने केसासारखी रेघ.

6013 चा वेल्डिंग रॉड या कामाला लावूच नका. लो-हायड्रोजन 7018 लावणार असाल तर 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजून, गरम डब्यातूनच काढायचा. जुलैत उघडं पाकीट म्हणजे वाया गेलेलं पाकीट. त्याहून बरा 307 जातीचा स्टेनलेस, कारण तो हायड्रोजन स्वतःत जिरवतो. पोलादाच्या जाडीनुसार 100 ते 150 अंशांचा प्रीहीट द्या, म्हणजे टाक्याआधी पत्रा तापवून घ्या. पण 200 च्या वर नेऊ नका, चिलखताचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. डाय पेनिट्रंटची (रंग झिरपवून तडा शोधायची) तपासणी 48 तासांनंतर, आधी नाही. घाईची डिलिव्हरी असेल तर डिलिव्हरी पुढे ढकला.

आता अर्थ क्लॅम्प, म्हणजे वेल्डिंगचा करंट परत नेणारा चिमटा. वेल्डर सवयीने तो हलवर (रणगाड्याच्या खालच्या धडावर) लावतो आणि टाका मारतो टरेटवर. सगळा करंट टरेटच्या बॉल रेसमधून (ज्या पोलादी गोळ्यांवर ते फिरतं त्यातून) जातो आणि गोळ्यांवर बारीक चट्टे पडतात. महिन्याभराने टरेट फिरताना अडखळतं, गनर स्टॅबिलायझरला (चालत्या रणगाड्यात तोफ स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला) शिव्या घालतो आणि स्टॅबिलायझर विनाकारण उघडला जातो. क्लॅम्प टाक्यापासून वीतभर अंतरावर, त्याच तुकड्यावर. बॅटरीची दोन्ही टोकं सोडलेली, इलेक्ट्रॉनिक बॉक्स काढून टेबलावर ठेवलेले. आणि वेल्डिंगला हात घालण्याआधी जवळ एखादा जुना बॉस (बोल्टसाठी आटे असलेला उंचवटा) किंवा निकामी झालेल्या वस्तूचं भोक सापडतं का ते शोधा. बोल्टने भागत असेल तर रॉड पेटवूच नका.

बाकीच्या, थोडक्यात

हल आणि टरेटमधल्या स्लिप रिंगमध्ये (टरेट फिरत असतानाही वीज आणि सिग्नल नेणाऱ्या जोडणीत) रिकामे मार्ग किती आहेत ते पहिल्या दिवशी मोजा. व्हिडिओ आणि डेटाला नवी स्लिप रिंग लागेल हे शेवटच्या महिन्यात कळून उपयोग नाही.

गाडीच्या हार्नेसचे (वायरिंगच्या जुडग्याचे) प्लॅस्टिक कनेक्टर रणगाड्यात नकोत. धातूचे गोल, लॉक होणारेच.

नवा लांब गोळा जुन्या ऑटोलोडरमध्ये (तोफ आपोआप भरणाऱ्या यंत्रात) मावेलच असं नाही. टी-72 च्या फिरत्या चकतीत 22 गोळे बसतात, पण बाणासारख्या गोळ्याची लांबी तीच चकती ठरवते.

नवी साइट (नेम धरायची दुर्बीण) रिकामी जागा दिसली तिथे बसवू नका. टी-72 बी3 मध्ये नवी साइट डावीकडे आली, जुनी समोर तशीच राहिली आणि गनरला मान वाकडी करून बसावं लागलं.

ड्रॉइंगवर विश्वास ठेवणं

तीस-चाळीस वर्षं वापरलेले, दोन-तीनदा ओव्हरहॉल झालेले रणगाडे एकसारखे नसतात. कुणाच्या टरेटवर जुन्या ब्रॅकेटचा उंचवटा घासायचा राहिलेला, कुणाचं भोक चार मिलिमीटर सरकलेलं. कॅडवर अचूक बसलेला ब्रॅकेट पहिल्या रणगाड्यावर बसतो, दुसऱ्यावर हातोडीने बसतो, तिसऱ्यावर बसतच नाही. किमान तीन वेगवेगळ्या रणगाड्यांवर जाऊन मोजा. भोकं गोल न ठेवता लांबट ठेवा. आधी 6 मिलिमीटर प्लायवूडचा साचा कापून तिन्हींवर लावून बघा. तिसऱ्यावर कानस न लावता बसला, तरच पत्रा लेझर कटिंगला पाठवा.