पोकर पूर्णवेळ खेळायचं ठरवत असाल तर... माझा सात वर्षांचा अनुभव

नोकरी सोडून पोकर खेळू का, असं नवीन मुलं-मुली सारखं विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. मी सात वर्षं यावरच घर चालवतेय, बहुतेक कॅश गेम (खऱ्या पैशाच्या चिप्सवर, हवं तेव्हा उठता येतं), अधूनमधून टूर्नामेंट (प्रवेश फी भरून बक्षिसासाठी).

आधी एक डाव सांगते. पूर्णवेळ सुरू करून महिनाही झाला नव्हता. टर्न, म्हणजे टेबलावरचा चौथा सामाईक पत्ता, पडला तेव्हा माझ्या हातात बदामाचे दोन पत्ते, बोर्डावर, म्हणजे सामाईक पत्त्यांत, बदामाचे दोन, अजून एक बदाम आलं की फ्लश (पाचही पत्ते बदामाचे), नाहीतर हातात काहीच नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६० बिग ब्लाइंड होते (बिग ब्लाइंड म्हणजे डावाआधीची सक्तीची बाजी, त्यातच सगळं मोजतात), समोरच्याने आणखी ६० टाकून ऑल-इन केलं, म्हणजे होतं ते सगळं लावलं. मी लगेच कॉल केला, म्हणजे तेवढेच टाकले, रिव्हरला (शेवटच्या पत्त्याला) बदामाची सत्ती आली आणि सगळा पॉट माझा. घरी येऊन वहीत लिहिलं, मस्त खेळले. दोन दिवसांनी माझ्याहून खूप जास्त वर्षं खेळलेल्या एका दादाला वही दाखवली तर तो म्हणाला, "अगं, हा कॉल चुकलाय. बदाम आलं म्हणून तो बरोबर ठरत नाही."

त्याने हिशोब मांडून दाखवला. न दिसलेले ४६ पत्ते, त्यात ९ बदाम, म्हणजे जेमतेम २० टक्के. ६० टाकून १८० चा पॉट मिळणार असेल तर कॉल परवडायला निदान ३३ टक्के तरी पाहिजेत. असा कॉल केला की दर वेळी सरासरी २५ बिग ब्लाइंड पाण्यात. मी जिंकले होते आणि तरी ती चूक होती, हे पचायलाच मला काही महिने लागले, आणि खरं सांगते, या धंद्यात सगळ्यात अवघड हेच आहे.

कारण उलटंही होतं. समजा तुम्ही चांगले खेळता, १०० हातांमागे (म्हणजे डावांमागे) ५ बिग ब्लाइंड कमावता. तरी १०,००० हातांनंतर दहातले साधारण तिघे तोट्यातच असतात, कारण चढउतार तेवढे मोठे असतात. प्रत्यक्ष टेबलवर तासाला ३० च्या आसपास हात मिळतात, म्हणजे १०,००० हात म्हणजे जवळजवळ दोन महिने, आठवड्यातले पाच दिवस, रोज आठ तास. दोन महिने बरोबर खेळून हातात काही नाही आणि घरभाडं मात्र वेळेवर द्यायचंय, हे डोळ्यासमोर आणा आणि मग नोकरीचं ठरवा.

म्हणून बँकरोल (खेळायचं भांडवल) आणि घरखर्चाचे पैसे वेगळे ठेवायचे, यात तडजोड नाही. कॅश गेमला निदान ३० बायइन (एकदा टेबलला बसायची रक्कम), टूर्नामेंटला १०० च्या वर, आणि सहा महिन्यांचा घरखर्च त्याच्या बाहेर. कमी पडले तर खालच्या लिमिटला (छोट्या बाजीच्या टेबलला) जायचं, त्यात लाज कसली.

टूर्नामेंटचं म्हणाल तर सगळे २००३ चं उदाहरण देतात, अकाउंटंट असलेला ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची जागा मिळवायची छोटी स्पर्धा) वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि ८३९ खेळाडूंमधून २५ लाख डॉलर जिंकला. मलाही ती गोष्ट फार आवडते, पण टूर्नामेंटमध्ये साधारण १५ टक्केच लोकांना काहीतरी पैसे मिळतात आणि मोठी रक्कम पहिल्या दोन-चार जणांकडेच जाते, त्यामुळे वर्ष-वर्ष कोरडं जाऊ शकतं. बरेच व्यावसायिक बक्षिसातला आपला हिस्सा आधीच विकून किंवा कुणाच्या पैशावर खेळतात, आणि दुसऱ्या प्रकारात आधीचा तोटा भरून निघेपर्यंत नफ्यातलं काही मिळत नाही, ते आधी नीट लिहून घ्या.

अभ्यास लागतोच, सॉल्व्हर (डावातली योग्य चाल काढून दाखवणारा प्रोग्राम) शिकायला लागतो, पण सुरुवातीला टेबल निवडणं त्याहून महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे. आपल्यापेक्षा भारी सात जणांमध्ये बसून वर रेक (प्रत्येक पॉटमधला क्लबचा कट) भरायचा याला अर्थ नाही, उठा आणि दुसरं टेबल बघा. आणि हो, आपण राहतो तिथला कायदा आणि टॅक्स आधी तपासा, देशादेशात फार फरक आहे.

बाकी आयुष्य म्हणजे रात्रीचं काम, कारण हौशी लोक संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी खेळायला येतात, म्हणजे घरचे मोकळे तेव्हाच आपण टेबलवर. पाठ दुखते, झोप बिघडते, आणि आज काय झालं हे समजेल असं माणूस घरात नसतं. दोन-तीन खेळणारे मित्र जोडा ज्यांच्यासमोर डाव उघडे करता येतील. हरलेलं आजच भरून काढायचं असं मनात आलं की त्याच मिनिटाला चिप्स उचलायच्या, टिल्टमध्ये (हरल्याच्या रागात ताबा सुटून) मी एका रात्रीत पाच बायइन घालवलेत आणि त्यातला फक्त पहिला नशिबाने गेला होता. आणि हे रोजच व्हायला लागलं, घरच्यांपासून आकडे लपवावेसे वाटले, तर खेळ थांबवून मदत घ्या, लगेच.

वही मी अजून ठेवते. किती तास, कुठलं टेबल, अडलेले दोन-तीन डाव, आणि उठायला हवं होतं तेव्हा उठले का. पैशाचा आकडा वेगळ्या शीटमध्ये जातो, ती महिन्यातून एकदाच उघडते.