मानसशास्त्राच्या पदवीसाठी कर्ज घेण्यापूर्वी करावयाचा हिशोब

बारावीनंतर मानसशास्त्र घ्यायचे ठरले की आपल्या बडोद्यातील घरांत चर्चा प्रवेशाची होते, आणि फेड कशातून होणार हा विषय बँकेच्या अर्जावर सह्या करताना निघतो. हा क्रम उलटा करावा. शिक्षण संपल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत महिन्याकाठी किती हप्ता पेलवेल ते आधी काढावे आणि त्यावरून आज किती उचल घ्यायची ते ठरवावे.

‘मानसशास्त्राची पदवी’ असा एकच पदार्थ बाजारात नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. केवळ बी.ए. झालेल्यास मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक क्वचितच मिळते. त्याला मनुष्यबळ विभागात किंवा संस्थांच्या प्रकल्पांवर इतर पदवीधरांच्या रांगेतच उभे राहावे लागते. एम.ए. झाल्यावर शाळेतील समुपदेशकाची वाट उघडते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणवून घ्यायचे असेल, तर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी, आणि त्यासाठी आजवर एम.ए.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा रूढ मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंतच मुदतवाढ दिली होती. म्हणून ज्या अभ्यासक्रमासाठी पैसे भरणार तो परिषदेच्या मान्य यादीत आहे की नाही, हे माहितीपत्रकावर विसंबून न राहता परिषदेच्या यादीतच पाहावे. नोंदणी न मिळणाऱ्या महागड्या पदविकेसाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच कारणास्तव पहिली पदवी शक्य तो कर्जाविना पुरी करावी. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा घरापासून बसच्या अंतरावर असताना, बी.ए.साठी परगावच्या खासगी विद्यापीठाचे शुल्क आणि वसतिगृह अशा दोन्हींचा भार उचलण्यापूर्वी दहादा विचार करावा. कर्जाची ताकद शेवटच्या, म्हणजे नोंदणी मिळवून देणाऱ्या पायरीसाठी राखून ठेवावी.

आता आकडे मांडू. दोन वर्षांच्या एम.ए.साठी दर वर्षाच्या आरंभी २.५ लाख, असे एकूण ५ लाख रुपये १० टक्के दराने घेतले असे धरा. शैक्षणिक कर्जात सामान्यतः अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो (हाच सवलतीचा काळ), पण व्याज चालूच राहते. पहिल्या रकमेवर तीन वर्षांचे ७५,००० आणि दुसरीवर दोन वर्षांचे ५०,००० असे सरळव्याज मिळवले की फेड सुरू होताना डोक्यावर ६.२५ लाख असतात. दहा वर्षांच्या मुदतीत याचा मासिक हप्ता सुमारे ८,२६० रुपये पडतो, म्हणजे एकूण फेड ९.९ लाखांच्या घरात जाते. त्यापुढे आणखी दोन वर्षे शिकायचे ठरले आणि बँकेने सवलतीचा काळ वाढवून दिला, तरी व्याजाचे आणखी एक लाख चढतात आणि हप्ता ९,५८० वर जातो. त्या दोन वर्षांचे शुल्क यात धरलेलेच नाही. शिकत असतानाच व्याज भरत राहिल्यास हा फुगवटा टळतो, आणि अनेक बँका त्याबद्दल व्याजदरात सूटही देतात.

हप्ता हातात पडणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावा, असे मी मानतो. त्या मापाने ८,२६० च्या हप्त्यासाठी सुमारे ४१,००० रुपये दरमहा हवेत. तेवढे मिळतील का, हे सरासरी पगाराच्या आकड्यांवरून कळत नाही, कारण त्यांत वीस वर्षे मुरलेले व्यावसायिकही मोजलेले असतात. त्यापेक्षा तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार-पाच जणांना गाठावे: अलकापुरीत खासगी दवाखान्यात बसणारा एखादा, केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळेत समुपदेशक असलेली एखादी, कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात काम केलेले कोणी. पगार थेट विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो. तो या एका कामापुरता बाजूला ठेवावा.

स्वतंत्र व्यवसायाचा हिशोब विशेष कठोरपणे करावा. एका सत्राचे ८०० रुपये, आठवड्याला १० सत्रे आणि वर्षाचे ४६ आठवडे धरले तर ३,६८,००० होतात आणि आकडा गोड दिसतो. पण पाचवा हिस्सा सत्रे ऐनवेळी रद्द झाली आणि उरलेल्यातील ३० टक्के खोलीचे भाडे व ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाचे शुल्क यांत गेले, तर महिन्याला १७,००० च्या आसपासच उरतात. त्यातला जवळजवळ निम्मा भाग ८,२६० चा हप्ताच खाईल.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा करार दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा होता. पैसा देणाऱ्यानेच नोकरीचीही हमी घेतली होती. बँक तशी हमी घेत नाही. हप्ता थकला की ती सहकर्जदाराकडे, म्हणजे बहुधा निवृत्तीला टेकलेल्या आईवडिलांकडे वळते. साडेसात लाखांवरील कर्जाला सहसा तारण लागते, आणि दांडिया बाजारातले जुने घर चार भावांच्या सामायिक नावावर असेल तर सर्वांच्या संमतीवाचून ते तारण ठेवता येत नाही. हा विषय प्रवेशाच्या धावपळीत नव्हे, सहा महिने आधी काढावा.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना पाहावी. तीत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे, मात्र आपली संस्था तिच्या यादीत असावी लागते. शैक्षणिक कर्जावरील प्राप्तिकराची वजावट (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०-ई) फक्त व्याजावर, फक्त आठ वर्षे आणि फक्त जुन्या कररचनेत मिळते, म्हणून तिच्या भरवशावर कर्ज वाढवू नये.

मुदत मात्र पंधरा वर्षांचीच घ्यावी. वरच्या ६.२५ लाखांवरचा हप्ता ६,७२० च्या आसपास उतरतो, आणि बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तींना लागत नसल्यामुळे, बऱ्या महिन्यांतील जादा रक्कम थेट मुद्दलात भरता येते.