जिन्याखालचं सामान चाकांवर ठेवा

मी सांगलीत फर्निचरची कामं घेतो. नव्या रो-हाऊसमध्ये किचन आणि वॉर्डरोब ठरले, की घरमालक जिन्याकडे बोट दाखवून म्हणतात, "इथं एक कपाट मारून टाका." माझा आग्रह असतो, की तिथं कपाट नको, चाकांवरच्या ट्रॉल्या करू.

जिना तीन फूट रुंद असला, की त्याखालचं कपाटही जवळजवळ तीन फूट खोल होतं. वाकून हात घातला तर दीड-दोन फुटांपर्यंत पोचतो. त्यापलीकडचं सामान दिवाळीच्या साफसफाईलाच बाहेर येतं, आणि तोवर त्याला वास लागलेला असतो. दुसरं कारण सांगलीकरांना सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट असताना. 2021 च्या जुलैत परत पूर आला. पाणी ओसरल्यावर जिन्याखालचा कोपरा सुकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तिथं ना वारा ना ऊन. भिंतीला ठोकलेलं पार्टिकल बोर्डाचं कपाट फुगून फुटतं. सामान सुटं असलं तर निदान वर नेता येतं. तुमच्या गावात पूर येत नसेल, तरी ओल आणि वाळवी आहेच. ट्रॉली ओढून मागची भिंत बघता आली तर वाळवीची रेघ वेळेत दिसते.

आधी मापं घ्या. समजा पायरी दहा इंच रुंद आणि सात इंच उंच आहे आणि लँडिंगपर्यंत, म्हणजे जिना वळतो त्या सपाट टप्प्यापर्यंत, नऊ वेळा पाऊल वर टाकावं लागतं. म्हणजे लँडिंग जमिनीपासून सव्वापाच फुटांवर येतं. स्लॅब, फरशी आणि गिलावा वजा केला, की खाली साडेचार फुटांच्या थोडं वर उंची उरते. तिरक्या भागात पहिली अडीच-तीन पायऱ्यांची जागा सव्वा फुटाच्या आतच राहते. त्या निमुळत्या चोचीचा हट्ट धरू नका. तिथं झाडू पोचत नाही आणि झुरळं होतात. विटा लावून, गिलावा करून ती बंद करा. तिच्यापुढे लँडिंगपर्यंत साधारण चार फूट लांबीचा तिरका भाग मिळतो. त्यात सव्वा फूट रुंदीच्या तीन ट्रॉल्या बसतात. पहिलीची उंची सव्वा ते दोन फूट, दुसरीची दोन ते तीन, तिसरीची तीन ते चार. त्यांचा माथा जिन्याच्या उतारानं तिरका कापायचा.

माप फक्त टेपनं घेऊ नका. पुठ्ठ्याचा साचा कापा, एक जिन्याच्या बाहेरच्या कडेला लावून बघा आणि दुसरा आत भिंतीजवळ. गिलावा दोन्हीकडे सारखा कधीच नसतो, अर्धा-पाऊण इंच फरक निघतो. जिथं जागा कमी, तो साचा खरा धरायचा आणि वर अर्धा इंच मोकळा सोडायचा. सुताराला हा साचाच द्या. कागदावर आकडे दिले की ट्रॉली घासते, मग रंधा मारत बसावं लागतं आणि लॅमिनेटची कड उडते.

प्लाय 18 एमएमचा, आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय घ्या. कापलेल्या प्रत्येक कडेला बीडिंग किंवा एजबँडची पट्टी लावून कड झाकून घ्या, आतल्या न दिसणाऱ्या कडासुद्धा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. 710 असला तरी चार दिवस पाण्यात ठेवायचा नसतो, चाकं त्यासाठीच आहेत. चाकं दोन इंची, मागची दोन सरळ चालणारी आणि पुढची दोन फिरती, पुढच्यांना ब्रेक. ट्रॉलीची खोली अडीच फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे मागे हवा खेळते. दर्शनी बाजूला खोबणीचं हँडल करा. बाहेर आलेल्या हँडलला येता-जाता पदर आणि ओढणी अडकते. जड वस्तू तळाशीच ठेवा, नाहीतर उंच ट्रॉली ओढताना झुकते.

आणि जमीन बघून घ्या. बांधकामवाले बऱ्याचदा जिन्याखाली फरशी न घालता नुसता कोबा सोडतात. कोब्यावर चाक अडतं. खोलीतली फरशी सलग आतपर्यंत नेऊन मग ट्रॉल्या करा.

छोट्या ट्रॉलीत चपला-बूट, छत्र्या, रेनकोट. तिला समोरून जाळी द्या, ओले बूट बंद पेटीत कुबट होतात. मधलीत रोजचं नसलं तरी महिन्याकाठी लागणारं: हत्यारांची पेटी, इस्त्री, जादा चादरी. तिसरीत वर्षातून एकदा निघणारं: मखर, गौरीचे मुखवटे आणि स्टँड, आकाशकंदील, सोऱ्या, वाळवणाचे कागद. आत कप्पे न पाडता झाकणाचे प्लास्टिक क्रेट ठेवा. एक क्रेट एका माणसाला उचलून वर नेता येतो. मुखवटे मऊ सुती कापडात गुंडाळा, रंग टिकतो. वर्षाची ज्वारी-गहू इथं ठेवायचं असेल तर एका मोठ्या कोठीऐवजी दोन लहान घ्या, चाकाच्या स्टँडवर. भरलेली मोठी कोठी घरातल्या बाईला एकटीला हलत नाही.

लँडिंगखाली वॉशिंग मशीन छान बसतं, नळ आणि सांडपाण्याची पाइप जवळ असेल तर. मुलांच्या अभ्यासाचं टेबलही बसतं, पण खुर्ची अशी ठेवा की मूल उठून उभं राहताना लँडिंगच्या बाहेर असेल. देवघर मात्र करू नका. वास्तू माना किंवा नका मानू, देवाच्या डोक्यावरून दिवसभर पाय जातात हे घरातल्या मोठ्यांना खुपतंच. गॅसचा भरलेला सिलेंडर अजिबात नको, हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळती झाली तर खालीच साचतो. इन्व्हर्टरची नेहमीची लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला बंद खण चालत नाही, आणि शेजारी रद्दी तर मुळीच नको. आग लागली तर वरच्यांना उतरायचा रस्ता हाच. पूरपट्ट्यात बॅटरी पहिल्या मजल्यावरच बसवून घ्या. पन्नास किलोच्या वरचं धूड रात्री पाणी चढत असताना कोण उचलणार?

जिन्याच्या तिरक्या स्लॅबला खालून ड्रिल मारून काही टांगू नका. त्या स्लॅबच्या मुख्य सळ्या खालच्याच अंगाला असतात. पुढे त्या भोकातून ओल शिरून सळई गंजते, मग पोपडे पडतात. जे उभं करायचं ते जमिनीवर.

सजावट करायची ती भिंतीवर करा, पायऱ्या रिकाम्या ठेवा. कुंड्या, पितळी समया, बुद्धाच्या मूर्ती पायरीच्या कडेला ठेवलेल्या फोटोत शोभतात, पण आजी भिंतीच्या बाजूनं आधार घेत उतरतात आणि नेमक्या तिथंच कुंडी असते. कुंडी लँडिंगच्या खिडकीत ठेवा, कमी उजेडात मनी प्लांट आणि स्नेक प्लांट तग धरतात. घरच्यांचे फोटो लावायचे तर दर तिसऱ्या पायरीवरून पाच फूट वर पेन्सिलची खूण करा, खुणांवर दोरा ताणा आणि प्रत्येक फ्रेमचा मध्य दोऱ्यावर आणा. फ्रेमा लहान-मोठ्या असल्या तरी ओळ जिन्याबरोबर चढते. जाड फ्रेमा नकोत, खांद्याला लागतात. काचेऐवजी अॅक्रिलिक घाला. जुन्या वाड्यांत जिन्याच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा असायचा, तो मला फार आवडतो. पण तिथल्या भिंती जाड होत्या. चार इंची विटेच्या भिंतीत कोनाडा खोदू नका.

भिंतीचा खालचा तीन फूट पट्टा धुता येईल अशा रंगात आणि जरा गडद घ्या, हात तिथंच लागतात. पॉलिश ग्रॅनाइटच्या पायऱ्या असतील तर कडेला तीन खाचा मारून घ्या, किंवा निदान खरखरीत पट्टी चिकटवा, पायरीपेक्षा वेगळ्या रंगाची. वय झालेल्या डोळ्यांना कड दिसणं फार महत्त्वाचं आहे. कठड्याच्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको, लहान मूल डोकं घालतं. दिव्याला टू-वे स्विच वर आणि खाली दोन्हीकडे हवाच. त्याची वायर गिलाव्याआधी टाकायची असते, म्हणून वायरमनला पहिल्याच दिवशी सांगा. दर तिसऱ्या पायरीजवळ फूटभर उंचीवर लहान पिवळसर फूटलाइट लावले, तर रात्री मोठा दिवा न लावता उतरता येतं. ते भिंतीच्या आत बसणारेच घ्या, बाहेर आलेले दिवे झाडूनं निघून येतात.