आरोग्य संशोधन केंद्र सांभाळताय? या चुका टाळा

विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन केंद्रात प्रशासक म्हणून नव्याने रुजू झालेली मंडळी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, ग्रँट कधी जमा होणार?" संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची बैठक कधी आहे, हे कुणी विचारत नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कामाचं वेळापत्रक आर्थिक वर्षावर बांधणं. ती मी स्वतः केली आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास होता. पैसे ऑगस्टमध्ये आले. कोटेशनं, भरती, किटची खरेदी यांत दिवाळी उलटली आणि टीम डिसेंबरात वाडीवर पोहोचली. घरोघरी कुलपं. एका ओसरीवर म्हातारी नातवाला दुधात भाकरी कुस्करून भरवत होती. म्हणाली, "बाया कुठल्या आता? कोयते गेले कारखान्यावर. पाडव्याला या." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे मला ठाऊक होतं. दिवाळीच्या आगेमागे गेलेले कोयते मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत, हेही ठाऊक होतं. तरी डोळ्यांसमोर फक्त 31 मार्च होता. गाडीभाडं वाया गेलं, किटची मुदत संपली आणि मुदतवाढीसाठी पत्रामागून पत्रं लिहावी लागली. आता मी कॅलेंडरवर आधी दसरा, दिवाळी, पाडवा यांना लाल गोल करतो; हप्त्यांच्या तारखा त्यानंतर.

दुसरी चूक मला सहनच होत नाही: कमिटीच्या मंजुरीआधी रक्ताचे नमुने घेणं. "नुसता पायलट आहे, सर." अहो, सुई टोचली की ते माणसावरचं संशोधन झालं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत 7 ते 15 सदस्य लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि कोरमला किमान 5 जण. घरोघर सह्या गोळा करून बैठक होत नसते. मी फाइल 15 दिवस आधी पोहोचवतो आणि बैठकीच्या दोन दिवस आधी बाहेरच्या सदस्यांना स्वतः फोन करतो. मागच्या तारखेची मंजुरी मागणाऱ्याला माझ्या टेबलासमोर खुर्ची मिळत नाही.

संमतीपत्रकावर अंगठा घ्यायचा असेल, तर साक्षीदार त्रयस्थ हवा, आपला ड्रायव्हर नव्हे. तांड्यावर जाताना गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी कार्यकर्ती सोबत असू द्या.

ग्रँट कशावर खर्च झाली ते दाखवणारं उपयोगिता प्रमाणपत्र मार्चअखेर बसून जुळवू नका. बिल आलं की त्याच दिवशी खर्चाच्या कुठल्या शीर्षाखालचं, ते पेन्सिलीने बिलावर लिहा.

आणि उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर न तपासलेल्या जनरेटरच्या भरवशावर सोडू नका. लाइट मराठवाड्यात कधी जाईल, सांगता येत नाही. मी दर शनिवारी मेन स्विच पाडतो आणि जनरेटर किती सेकंदांत भार उचलतो, ते फ्रीझरशेजारच्या वहीत सहीनिशी लिहून ठेवतो.