पिंग १८०: भांडुपहून केलेलं बीटा टेस्टिंग

एका ऑनलाइन गेमच्या बीटासाठी, म्हणजे गेम बाहेर यायच्या आधीच्या चाचणीसाठी, निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी ठाणे स्लोमध्ये विक्रोळी आणि कांजूरमार्गच्या मध्ये कुठेतरी एका पायावर उभी होते. पहिला विचार आला, हा फसवणुकीचाच मेल असणार. बीटाच्या नावाखाली पासवर्ड उकळणारे मेल पुष्कळ येतात. मेलमधल्या लिंकला हात न लावता घरी आले, गेमच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात शिरले, आणि तिथे बीटाचं बटण खरंच आलेलं होतं. नव्याने या वाटेला येणाऱ्यांनी एवढं एक पहिल्या दिवसापासून पाळावं.

गेमचं नाव सांगणार नाही. आत जाताना गोपनीयतेच्या करारावर टिचकी मारलेली आहे, आणि तो करार लोक समजतात तसा शोभेचा नसतो. एवढंच सांगते की जुना, मोठा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, त्याचं नवं एक्स्पान्शन (जुन्या गेमला जोडलेला नवा भाग), नवा खंड, वाढलेल्या दहा लेव्हल आणि एक नवीन क्लास (पात्राचा प्रकार).

पहिले तीन दिवस मी वाया घालवले. म्हणजे मी नुसती खेळले. सगळ्यांच्या आधी नवा खंड बघायला मिळतोय या नादात डोंगर चढले, दऱ्या पाहिल्या. अर्धी झाडं राखाडी होती, कारण त्यांच्यावर अजून रंग चढलेला नव्हता. तलवारीच्या चित्राच्या जागी प्रश्नचिन्ह. एका म्हाताऱ्या कोळ्याने मला क्वेस्ट (कामगिरी) दिली, मी ती पूर्ण केली, परत आले तर त्याच्या तोंडी एकच वाक्य, ‘इथे मजकूर येईल.’ हसू आलं, पण चौथ्या दिवशी लक्षात आलं की याच गोष्टी नोंदवायला मला बोलावलंय.

माझा पहिला रिपोर्ट होता, ‘तिसरा बॉस नीट चालत नाही, कृपया बघा.’ (बॉस म्हणजे गेममधला मोठा, ताकदवान शत्रू.) अर्थातच त्या रिपोर्टचं काही झालं नाही. लालबागच्या गर्दीत ‘माझी चप्पल हरवली’ म्हणून ओरडण्यासारखंच ते. नंतर हळूहळू जमलं. मी कोण होते (क्लास, लेव्हल), कुठे उभी होते, क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि दहापैकी किती वेळा झालं. हा शेवटचा आकडा बहुतेक नवखे गाळतात. ‘कधी कधी होतं’ यावरून डेव्हलपरला काहीच कळत नाही, ‘१० पैकी ७ वेळा’ म्हटलं की तो कामाला लागू शकतो. मी शेजारी एक वही ठेवायचे आणि स्क्रीन कायम रेकॉर्ड होत असायची. दहा वेळा तोच बॉस मारणं कंटाळवाणं असतं, आणि हे काम बरंचसं असंच आहे.

आता पिंगचं, म्हणजे आपलं क्लिक सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळाचं, तो मिलिसेकंदात मोजतात. चाचणीचा सर्व्हर युरोपात होता. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. वर केबल समुद्रातून, तांबड्या समुद्रातून वळसा घेत जाणार, आणि शेवटचा तुकडा आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून केबलवाल्याने ओढलेला. माझं पिंग १८० च्या खाली यायचं नाही, पावसाळ्यात तर विचारूच नका. गिल्डमधले (आमच्या गटातले) जर्मन खेळाडू २० वर बसलेले. मला वाटायचं, आपण या कामाला नालायक आहोत.

एका रात्री औषधं बनवत होते. ‘बनवा’ वर घाईत दोनदा क्लिक झालं. पिशवीत औषधं दोन, वनस्पती मात्र एकाच औषधाच्या वजा झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रिपोर्ट टाकला. दोन दिवसांनी उत्तर, ‘आमच्याकडे असं होत नाही.’

खूप चिडले. मग कारण कळलं. क्लिक केल्यावर सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ते बटण जिवंत राहत होतं. २० मिलिसेकंदात माणसाला दुसरं क्लिक करताच येत नाही. १८० मध्ये येतं, आणि तेवढ्यात सर्व्हर दोन्ही मागण्या मान्य करून बसायचा. रिपोर्ट परत लिहिला, पिंगच्या आकड्यासकट, व्हिडिओसकट, ९/१०. असा बग, म्हणजे गेममधला दोष, गेम बाहेर आल्यावर निघाला असता तर गेममधल्या लिलावघरात औषधांचा भाव मातीमोल झाला असता. पुढच्या पॅचच्या (दुरुस्त्यांच्या) यादीत एक ओळ आली की काही परिस्थितीत औषधं दुप्पट बनत होती, ते दुरुस्त केलंय. माझं नाव कुठेच नव्हतं. तरी तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय. म्हणून सांगते, बीटाच्या अर्जात संगणक आणि इंटरनेटची माहिती मागतात तिथे भारी आकडे ठोकू नका, आहे ते लिहा.

काय काय करून बघायचं, हे मी एका जुन्या प्रसंगावरून शिकले. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हक्कार नावाचा बॉस आला. तो खेळाडूंना रक्ताचा एक संसर्गजन्य शाप द्यायचा. हा शाप त्या बॉसच्या झुल’गुरुब या ठिकाणातच राहावा अशी कल्पना होती. पण ‘शिकारी’ क्लासच्या खेळाडूंनी बाधित पाळीव प्राणी परत पाठवले आणि शहरात पुन्हा बोलावले, तर शाप त्यांच्यासोबत शहरात. कमी लेव्हलचे खेळाडू पटापट मेले. दुकानदार पात्रं स्वतः न मरता तो पसरवत राहिली. पुढे साथरोगाच्या अभ्यासकांनी त्यावर शोधनिबंध लिहिले. ‘प्राणी आत पाठवून परत बोलावला तर?’ हा प्रश्न तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. प्रत्येक नव्या शापाला मी तो विचारते.

बग आणि तक्रार यात मात्र मी गोंधळ घातला. माझा हीलर (इतरांना बरं करणारं पात्र) नव्या एक्स्पान्शनमध्ये दुबळा झाला म्हणून मी रागाने तीन पानं लिहिली. आज वाचवत नाहीत. ‘बारा मिनिटांच्या लढाईत आठव्या मिनिटाला माना संपतो, तीन वेळा मोजलं’ एवढं पुरलं असतं. (माना म्हणजे जादू करायची शक्ती.)

दीड वाजता आई दारात यायची. ‘अगं, इंग्रजीत कुणाशी भांडतेयस? सकाळी ऑफिस नाही का?’ युरोपातले संध्याकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, त्यामुळे शंभर-शंभर जणांच्या चाचण्या मध्यरात्रीच. या कामाचा एक पैसाही मिळत नाही, हेही आधीच सांगते.

नोकरीला उपयोग झाला तो असा. अंधेरीत एका मुलाखतीत मी ती वही पुढे ठेवली आणि पुढची वीस मिनिटं औषधांच्या बगवरच बोलणं झालं. आयएसटीक्यूबी फाउंडेशन ही सॉफ्टवेअर टेस्टिंगची परीक्षा मी नंतर दिली. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला ६५ टक्के. परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर १५ मिनिटं जास्त मिळतात, ती मागून घ्या. शब्द पक्के करायला ती बरी आहे, पण आधी वही भरा.

एक रिपोर्ट मात्र लटकलेलाच राहिला. पात्राला ‘क्षितिजा’ नाव द्यायला गेले. चॅटमध्ये रिकामे चौकोन उमटले, आणि अक्षरांची मोजणी भलतीच. आपल्याला ‘क्षि’ हे एक अक्षर, संगणकाला ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे. बारा अक्षरांच्या मर्यादेत मराठी नाव कसंबसं बसणार.

शेवटच्या रात्री त्यांनी राजधानीत सगळे बॉस एकदम मोकळे सोडले. चौकात प्रेतांचा खच. १८० पिंगवर मला माझा मृत्यू सगळ्यांच्या नंतर दिसला. पावणेतीनला सर्व्हर बंद झाला, बीटातली सगळी पात्रं पुसली गेली, आणि मी मोबाइलवर ७:४२ च्या लोकलचा अलार्म लावला.