मुलांच्या खोलीत छताचा दिवा घेताना आणि बसवताना

ढग, चंद्र, विमान, हत्ती. मुलांच्या खोलीचा दिवा घेताना घरचे आकारावर अडतात. मी वायरमन, मी आधी पंखा कुठे आहे ते बघतो. आपल्याकडे खोलीच्या मधला हुक बहुतेक पंख्याचाच असतो. दिवा पात्यांच्या वर किंवा अगदी लगत आला की उजेड पात्यांतून कापत खाली येतो, वहीवर सावल्या भिरभिरतात आणि पोराचे डोळे शिणतात. नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं हुकापासून २ फुटांपर्यंत फिरतं. म्हणून दिवा हुकापासून निदान ३ फूट लांब घ्या, आणि टेबल ज्या बाजूला त्याच बाजूला. पलीकडच्या भिंतीवर थोडी सावली हलेल, ती चालते. लोंबत्या चांदण्यांचा दिवा आणखी लांब हवा. वाऱ्यावर सतत झुलून वायर कनेक्टरमध्ये सैल होते. दुमजली पलंग असेल तर वर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात पोचेल अशा जागी दिवा नकोच.

दुकानात झाकण उघडून दाखवायला सांगा. एलईडी दिव्याचा दर्जा आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज जुळवून देणाऱ्या डबीवर ठरतो. त्यावर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेसोबत ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर दिवा कितीही गोंडस असो, परत ठेवा. छताला बसणारा मागचा पत्रा धातूचा असेल तर अर्थिंगचा स्क्रू शोधा. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तरच अर्थिंगशिवाय चालतं. पांढरं झाकण स्क्रूने किंवा पक्क्या खाचेत बसणारं घ्या. वरची नक्षी नुसत्या गोंदाने चिकटवलेली असेल तर ती उष्णतेने सुटून पलंगावर पडते. मग दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय, तो दिवा मुलांसाठी घेऊ नका. रंग ३००० केल्विनचा, पिवळसर. ६५०० चा पांढराफटक उजेड झोपायच्या खोलीत मला पटत नाही. अभ्यासाला टेबललॅम्प वेगळा ठेवा.

बसवताना एमसीबी (बोर्डातला त्या लाइनचा स्विच) पाडा आणि टेस्टर लावून खात्री करा. फॉल सीलिंगच्या जिप्सम बोर्डात नुसता स्क्रू पिळून दिवा टांगणं मला अजिबात मान्य नाही. स्क्रू आतल्या पत्र्याच्या चॅनेलला लागला पाहिजे, आणि दिवा जड असेल तर थेट स्लॅबला फास्टनर मारा. स्लॅबमध्ये भोक पाडताना पॉइंटपासून भिंतीकडे जाणारी रेघ टाळा, पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. लाकडी गिट्टी नको. बसवून झालं की पत्रा दोन्ही हातांनी खाली ओढून बघा. जरा जरी हलला तर काढून पुन्हा बसवा.

रात्री बटन बंद करूनही दिवा अंधुक पेटत राहिला तर दुर्लक्ष करू नका. कधी ते बटनातल्या इंडिकेटरमुळे होतं, पण कधी बटनावर फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर घेतलेली असते. म्हणजे बटन बंद असतानाही दिव्यात करंट असतो. हे त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना, तेही वायरमनला विचारा.

आणि झाकण लावण्याआधी ड्रायव्हरवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. दिवा बंद पडतो तेव्हा अनेकदा फक्त ड्रायव्हरच गेलेला असतो, आणि नवा आणताना व्होल्ट आणि मिलिअँपिअरचे ते आकडे जुळावे लागतात.